मातीला आग लागती व्हय?

ते मोबाईल ठेवा आधी खाली. ऐश्वर्या, तुला बी सांगून राहिलो. हळद राखायला आलाव का पडद्यात तोंड घालायला? डुकरांनी उधळली तर तुझा बाप माझ्यावरच खेकसंल. किटलीत चहा हाय का? घाल घोटभर. आन गोष्ट ऐकायची असंल तर मधी मधी "खरंच का आबा" म्हणायचं न्हाई. खोटं बोलायला मी काय पुढारी हाय?

हरिचंद आडे तुमाला ठाऊक हाय. तांड्यावरचा. उंच, वाकलेला, मान खाली घालून बोलतो तो. त्याच्यासंग घडलेलं हे. रातीचं त्यानं सांगितलं, सकाळचं मी या डोळ्यांनी बघितलं.

गेल्या साली नोव्हेंबरची तीस तारीख. शनिवार, आन वरून अमावास्या. दुपारी हरिचंद बॅटरीचे सेल आणायला हिंगोलीला निघाला. जाताना मला म्हणला, "अमृतभाऊ, पंपाला काही लागतं का?" मी म्हणलं, दोन वायसर आण. पाचच्या जीपनं माघारी आला. वायसर दिले, सेल घातले, बॅटरी लावून बघितली आन पहाऱ्यावर बसला. पहारा कशाचा? मातीचा.

हासू नका. ऐका.

सेनगाव रोडला, तांड्याच्या खालच्या अंगाला पलटणीची जुनी इमारत व्हती. आता पाडली. तिच्या मागं जमिनीत टाक्या व्हत्या, पेट्रोलच्या आन डिझेलच्या. पलटण गेली, टाक्या तशाच राहिल्या. गंजल्या. किती वर्षं झिरपत व्हतं, देव जाणे. आता तिथं पोरींचं वसतिगृह बांधायचं ठरलं, म्हणून आधी जमीन साफ करायचं काम निघालं. आपला रत्नपाल, माझा पुतण्या, त्या कामावर इंजिनियर. मी एसटी डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक. मला म्हणला, "काका, घरी बसून काकूशी भांडण्यापरीस पाण्याचा पंप सांभाळा."

जेसीबीनं दोन पुरुष खोल माती काढली. काळी, चिकट, आन वास असा की डोळ्यात पाणी. जाड प्लास्टिक अंथरून तिचे लांब लांब ढीग लावले. त्यात शेणखत घातलं, सोयाबीनचा भुसा कालवला. पाणी मारायचं, आठ दिवसाला उलटायची, वरून ताडपत्री. मातीतलेच जंतू हळूहळू तेल खाऊन टाकतात म्हणं. मी म्हणलं, "अरे रत्नपाल, आपल्या आज्ज्या उकिरड्यावर हेच करत आल्या, तुला शिकायला नांदेडला काहून जावं लागलं?" पोरगं नुसतं हासलं.

बिडी, काडीपेटी फाटकाच्या बाहेर ठेवायची, असा तिथं कायदा. हरिचंद तो लई कडक पाळायचा. एकदा खुद्द कंत्राटदाराच्या तोंडातली बिडी त्यानं हिसकून घेतली. कंत्राटदार तापला, पण हरिचंदचे हात बघून गप बसला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने वण हायेत त्याच्या हातावर.

ते कशाचे, ते आता सांगतो. पंचवीस वर्षांमागची गोष्ट. त्याची बायको जिवनबाई. तांड्यावरच्या बाया तवा पलटणीच्या इमारतीमागून सारवायला माती आणायच्या. काहून? त्या मातीला मुंग्या लागत न्हवत्या, उधई लागत न्हवती. बाया म्हणायच्या, पलटणीची माती गुणाची. वास यायचा, पण तिथं सगळ्यालाच वास. ट्रकांचा असंल म्हणून कोणी मनावर घेतलं न्हाई. माझं हे नाक तवा तिकडं फिरकलं असतं तर... जाऊ द्या. न्हाई फिरकलं.

जिवनबाईचा हात चुलीला लई गोड. तांड्यात कोणाची बी चूल घालायची म्हणलं की हिलाच बोलावणं. तिची एक खोड व्हती. घरची चूल घातली की पोरीला, संगिताला, हाक मारायची आन तिचा डावा पंजा चुलीच्या तोंडापाशी ओल्या मातीत दाबायची. "ही माझ्या संगीची चूल." पोरगी सहा वर्षांची. डावी करंगळी जन्मापासून बाहेरच्या अंगाला वाकडी. पंजा उमटला की चार बोटं एकीकडं आन करंगळी रुसून दुसरीकडं. दोघी मायलेकी पोट धरून हासायच्या. हे मी बघितलेलं हाय. हरिचंदकडं म्हशीचं दूध आणायला जायचो मी.

त्या साली दिवाळीला नवी चूल पाहिजे म्हणून तिनं जरा खोल खणलं. टाकीच्या भिंतीपाशी. लोण्यावानी माती लागली. खूश झाली बाई. चूल घातली, पोरीचा पंजा उमटवला, आठ दिवस वाळवली. दिवाळीच्या पहाटे हळदकुंकू वाहून पेटवली.

आग चुलीत लागली न्हाई, पोरांनो. चुलीला लागली.

सगळी चूल एका दमात पेटली. तिच्या अंगावर नायलॉनचं लुगडं. हरिचंद म्हशीपाशी व्हता, धावत आला, हातानंच विझवायला गेला... दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जीव गेला तिचा.

हरिचंद ज्याला त्याला सांगत सुटला, माती पेटली, माती पेटली. कोण ऐकतंय? "मातीला आग लागती व्हय?" सासऱ्यानं विचारलं. पोलिसानं विचारलं. मी बी विचारलं. लपवत न्हाई तुमच्यापासून. बाई जळाली की नवऱ्याकडं बोट जातं, आन दहात नऊ वेळा ते बराबर बी असतं. हा दहावा व्हता, हे आमाला काय ठाऊक? कोर्टानं पुरावा न्हाई म्हणून सोडला. गावानं सोडला न्हाई. पोरीला आजोळच्यांनी सेनगावला नेलं. ती तिथंच वाढली, तिथंच दिली. बापानं मायला जाळली, हे ऐकतच मोठी झाली. पंचवीस वर्षात बापाच्या दारात पाऊल टाकलं न्हाई.

त्यानं दुसरी बायको केली न्हाई. चूल बी घातली न्हाई पुन्हा. अंगणात जिथं ती चूल व्हती तेवढी जागा मोकळी सोडलेली. कोपऱ्यात तीन विटा मांडून भाकर भाजायचा.

आता त्या नोव्हेंबरच्या आधीच्या मे महिन्यातलं ऐका. कामगार बिडीचं ऐकंनात म्हणून रत्नपालनं एक ढेकूळ पत्र्याच्या डब्यात घातलं, लांब रोडच्या पल्याड नेलं आन काडी लावली. भप्पकन पेटलं! हरिचंद माझ्या बाजूला उभा व्हता. किती वेळ जाळाकडं बघत राहिला. मंग म्हणला,

"अमृतभाऊ, बघितलं ना तुमी?"

"बघितलं रे."

"मंग माझ्या पोरीला सांगा ना. मला काही नको दुसरं. तेवढं सांगा."

मला लई लाज वाटली, खरं सांगतो. पंचवीस वर्षं हा माणूस खरं बोलत व्हता. मी तिथूनच संगिताला फोन लावला. सगळं सांगितलं. पोरगी शांतपणानं म्हणली, "काका, मातीला आग लागत नसती." आन फोन ठेवला. रत्नपालनं त्या ढेकळाचा व्हिडिओ काढला व्हता, तो पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या. जवाब न्हाई आला. हरिचंद रोज सकाळी विचारायचा, "आला का?" मी मान हालवायचो. मंग त्यानं विचारायचं सोडलं.

पावसाळ्यात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. कधी मधी सकाळी एखाद्या ढिगात टोपलंभर खड्डा दिसायचा, आन ती माती बाजूला फेकलेली. हरिचंद म्हणायचा, डुकरं असतील. मी म्हणलं, असतील. पण डुकरं ताडपत्री माघारी नीट झाकून जात नसतात. हे मी मनात म्हणलं. बोललो न्हाई.

तर तो शनिवार. दुपारीच तपासणीचा कागद आला. माती साफ. रविवारी टिप्पर येणार आन माती परत खड्ड्यात भरणार. म्हणजे पहाऱ्याची ती शेवटची रात. थंडी मरणाची. तांडा तर ओस पडलेला, सगळे ऊसतोडीला गेलेले, लेकराबाळांसकट. मागं चार म्हातारे तेवढे. मी साडेआठला घरी गेलो. हरिचंद खोपीत एकटा.

दोनला दहा कमी. मोबाईलवर बघितलं म्हणला त्यानं. ताडपत्री वाजली.

वारा न्हवता.

त्यानं बॅटरी घेतली. शेवटच्या ढिगापाशी कोणीतरी बसलं व्हतं. बाईमाणूस. बाजूला टोपलं. तो म्हणला, "कोण हाय?" जवळ गेला. बॅटरी लावली.

उजेड टोपल्यावर पडला. मंग हातांवर. हात मातीत.

...

काय म्हणलीस? तोंड? न्हाई बघितलं. बॅटरी वर न्हाई केली त्यानं. मी बी हेच विचारलं व्हतं त्याला, काहून न्हाई बघितलंस? तर म्हणला, "भाऊ, दवाखान्यात शेवटचं बघितलं व्हतं. तेच असतं तर?"

हात त्यानं वळखले. पंचवीस वर्षांनी बी वळखले.

तिनं मूठभर माती उचलली. नाकाशी नेली. हुंगली.

त्याला वाटलं, आता फेकंल. इतके दिवस फेकत व्हती.

न्हाई फेकली.

धरून राहिली. लई वेळ.

मंग बोलली. तांड्याच्या बोलीत. हळू.

"आता पेटत न्हाई ना?"

ती वाट बघत राहिली...

"न्हाई," तो म्हणला. "आता न्हाई पेटत, जिवन."

ती टोपलं भरायला लागली. एक ओंजळ. दुसरी. तिसरी. तो रडून राहिला व्हता. रडत रडत म्हणला, "संगी माझ्याशी बोलत न्हाई."

हात थांबले.

मंग ओंजळीतली माती टोपल्यात घातली.

टोपलं उचललं. ताडपत्री झाकली, कोपऱ्यावर दगड ठेवला, जसा व्हता तसा. आन तांड्याच्या वाटेला लागली. बॅटरीचा उजेड पोचला तवर दिसली. मंग...

न्हाई दिसली.

मी पाचला पंपावर आलो तर हा ढिगापाशी बसलेला. बॅटरी तशीच चालू, नवे सेल उतरून उजेड पिवळा पडलेला. सगळं सांगितलं त्यानं. मी म्हणलं, "हरिचंद, डुलकी लागली असंल तुला." त्यानं ताडपत्री उचलून दाखवली. टोपलंभर खड्डा. बाजूला फेकलेली माती हुडकली मी सगळीकडं. कुठंच न्हवती.

स्कूटरवर दोघं तांड्यावर गेलो. घराला त्यानं लावलेलं कुलूप तसंच. फाटकाला आतून काटी, वरून हात घालून लावायची, ती बी तशीच. आत गेलो आन मी जागच्या जागी उभा राहिलो.

त्या मोकळ्या जागेवर चूल व्हती.

ओली. आत्ताच हात फिरवून कोणी उठलं असावं, अशी गुळगुळीत. मी वाकून नाक लावलं. बत्तीस वर्षं डिझेलमधी मुरलेलं नाक हे, झोपेत बी चुकत न्हाई. डिझेलचा वास न्हाई. पेट्रोलचा न्हाई. मातीचा वास. निस्ता मातीचा. हरिचंद शिवला न्हाई तिला. लांबूनच हात जोडले आन लेकरावानी रडला. मंग मी चुलीच्या तोंडाकडं बघितलं, आन खिशातला मोबाईल काढला.

संगिताला फोन लावला. म्हणलं, "पोरी, माझं ऐकू नको, बापाचं बी ऐकू नको. नुसती ये आन बघ." मला वाटलं ठेवला फोन. मंग म्हणली, "येते."

दहाच्या जीपनं आली. एकटी. तो व्हिडिओ तिनं कितीदा बघितला व्हता, ते पुढं तिनंच सांगितलं मला. शंभरदा म्हणली. पण एकदा खरं धरलं तर पंचवीस वर्षं बापाला काय केलं आपण, हे बी खरं धरावं लागलं असतं. म्हणून फोन केला न्हाई. तर आली. बापाकडं बघितलं न्हाई. सरळ चुलीपाशी गेली, बसली. चुलीच्या तोंडापाशी आपला डावा हात नेला. हरिचंद फाटकापाशी, मी तिच्या मागं दोन पावलांवर.

मंग पाठ आमच्याकडं तशीच ठेवून म्हणली, "बा..."

पंचवीस वर्षांनी.

"बा, ही वाळायला किती दिस लागतील?"

मीच म्हणलं, "आठ दिवस, पोरी."

आठ दिवस राहिली ती. चूल तिनंच पेटवली. आमाला दोघांना लांब उभं केलं आन एकटीनं पेटवली. चुलीत जाळ झाला, चुलीला काही झालं न्हाई. पहिली भाकर बापाला वाढली. त्याला खाववंना, तिला बघवंना. आता महिन्याच्या महिन्याला येती. चूल सारवती. तोंडापाशी तेवढी जागा सोडून सारवती.

काहून?

तिथं पंजा उमटलेला हाय. डावा. चार बोटं एकीकडं, करंगळी बाहेरच्या अंगाला. तिनं त्या दिवशी आपला हात त्यावर ठेवला तवा मी बघितलं, हात मावला न्हाई तिचा. एकतीस वर्षांच्या बाईचा कसा मावंल? करंगळी तेवढी जिथं वाकती, तिथं बराबर वाकलेली.

आन तांड्यावर त्या राती एक बी लेकरू न्हवतं.

विश्वास नसंल तर उद्या जाऊन बघा. एवढा हाय पंजा. माझा तळहात बघा हा... याच्या मधोमध बसंल, एवढा.