छत्तीस जागांचं विमान

"अहो, सरका जरा! माझी मोजणी चुकतेय."

"तुमची? माझी चुकली तुमच्यामुळे!"

कागेजिमा बेटाच्या विमानतळावर, काचेपाशी, शिओरी मुनाकाता उतरणारी माणसं मोजत होती. शेजारचा तरुणही तेच करत होता... ती त्याच्या कंपनीच्या विमानातली, तो तिच्या कंपनीच्या!

कुठल्या मार्गावर केवढं विमान, हे फुकुओकाच्या एका छोट्या कंपनीत शिओरी ठरवायची. सत्तर जागांचं तिचं विमान बेटाला बरोबर पुरायचं. आणि गळ्यातल्या ओळखपत्रावर 'तोमोनागा' लिहिलेल्या या तरुणाच्या बड्या कंपनीनं तिच्या दुपारच्या विमानाच्या ऐन आधी, निम्म्या भाड्यात, एकशे ऐंशी जागांचं जेट आणून घुसवलं होतं.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढीही अक्कल नाही?" ती कडाडली. "तोक्योत बसून उंटावरून शेळ्या हाकता! आम्हाला बुडवाल, मग तोटा झाला म्हणून तुम्हीही पळाल. बेटावरच्यांनी काय पोहत जायचं?"

"मुनाकाता-सान, आपण विमानांवर बोलायचं नाही. प्रतिस्पर्धी ना... आपसात काही ठरवू नये, असा कायदा आहे."

"मग कशावर बोलायचं?"

"भूक लागलीय का, यावर."

काय हा निर्लज्जपणा! शिओरीनं त्याच्या पैशांनी दोन भाजलेले स्क्विड, म्हणजे माकूळ, खाल्ले, तेही रागारागानं.

मग दर शनिवारी तो दिसू लागला. पाऊस आला की छत्री तिच्यावर धरायचा आणि स्वतः भिजायचा. तिला त्याचाही संताप यायचा... आणि शुक्रवारी झोप यायची नाही.

तिकडे तिचे साहेब मार्गच बंद करायला निघाले. "मोठ्याशी मोठं होऊन भांडायचंच कशाला?" तिनं टेबलावर हात आपटला. "छत्तीस जागांचं लावा, पण सकाळ-संध्याकाळ. माणूस इस्पितळात जाऊन जेवायला घरी परतला पाहिजे!"

माणसं तिच्या विमानाकडे परतली. भरदुपारचं जेट रिकामं उडू लागलं, शेवटी बंद करायचं ठरलं. खापर फुटलं तोमोनागावर. बदली थेट साप्पोरोला.

"जेट नको, असं मी पहिल्यापासून सांगत होतो," शेवटच्या शनिवारी तो म्हणाला.

"आणि शिक्षा तुम्हाला? हा कुठला न्याय!" तिनं घड्याळाकडे बोट दाखवलं. "जा आता. तुमचं शेवटचं जेट सुटेल."

"सुटलं. फुकटची जागा होती, पण... शेजारी तुम्ही नसता. म्हटलं, संध्याकाळी तुमच्या विमानानं जावं, तुमच्याबरोबर."

काउंटरवर मात्र एकच जागा उरली होती.

"इतकं मोजूनमापून विमान कुणी लावलं?" तो पहिल्यांदाच चिडला.

"मी!" शिओरीला स्वतःचाच असा राग आला की डोळे भरून आले. एक जागा... फक्त एक जास्त ठेवली असती तर!

मागे बोचकं घेऊन एक म्हातारी ताटकळत उभी होती.

"आजी, तुम्ही जा," शिओरी म्हणाली, आणि तोमोनागाची बाही धरून तिनं त्याला दाराकडे ओढलं.

"अहो, आपण कुठे?"

"बोटीनं. रात्र जाईल त्यात, जाऊ दे! तुम्ही मला आवडता, तोमोनागा-सान. आणि साप्पोरोला निघायची वेळ येईपर्यंत तुम्ही हे विचारलं नाहीत, याचा मला भयंकर राग आलाय!"