यादीतलं तिसरं नाव

सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वाचनालयाच्या बांधणीच्या खोलीत दोन याद्या उलगडल्या गेल्या. पाचही नावं जुळली. तीही त्याच क्रमाने.

टेबलाच्या अलीकडे ती होती, फाटकी पुस्तकं शिवून त्यांना नवे पुठ्ठे चढवणारी. पलीकडे घड्याळं दुरुस्त करणारा. आठ महिन्यांपूर्वी तो इथलं भिंतीवरचं घड्याळ उतरवायला आला होता आणि शिडीवरून त्याला तिच्या हातातली रहस्यकादंबरी दिसली होती.

"खून माळ्याने केलाय," तो वरूनच म्हणाला.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"गंमत केली हो. मी वाचलेलंच नाही. तुम्ही चिडल्यावर कशा दिसता, ते बघायचं होतं."

ती चिडली... आणि मग हसली. पुढे दोघांनी त्या लेखिकेच्या सगळ्या, सदतीसच्या सदतीस कादंबऱ्या वाचायचं ठरवलं. संपल्या की आवडत्या पाच क्रमाने लिहायच्या. एकमेकांना न दाखवता.

"आणि जुळल्या तर?" तिच्या बोटाला लागलेली खळ आपल्या रुमालाने पुसत त्याने विचारलं होतं. खिडकीच्या काचेवर पावसाची भुरभुर चालली होती.

"तर... मावशीकडे काय मागायचं ते माग."

मावशी म्हणजे इथली ग्रंथपाल. आईच्या माघारी तिनेच भाचीला वाढवलं होतं.

"बघ!" आता तो म्हणत होता. "बोलावू मावशींना?"

पण तिची नजर तिसऱ्या नावावर अडकली होती. ती लेखिकेची शेवटची, सदतिसावी कादंबरी.

"ही कशी वाटली रे?"

"शेवट वाचताना अंगावर काटा आला."

"कुठून आणलीस?"

"इथूनच. आणखी कुठून?"

तिने उठून पुस्तकं दाबून ठेवायच्या यंत्राचा स्क्रू सैल केला, खालचं बिनपुठ्ठ्याचं पुस्तक काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. "इथे हिची एवढीच प्रत आहे. आपलं ठरलं त्याच्या आधीपासून ती या खोलीबाहेर गेलेली नाही. मी सुट्या पानांवरच वाचली."

त्याने आपली यादी घडी करून खिशात घातली.

"किती वाचल्यास? खरं सांग."

"अकरा." तो खाली बघत म्हणाला. "बाकीच्या तू सांगायचीस ना... तेच जास्त आवडायचं."

"आणि यादी?"

"तुझी यादी मावशींनी दाखवली. म्हणाल्या, पोरगी हट्टी आहे, पाच पुस्तकांपायी चांगलं स्थळ घालवेल. मला भीती वाटली गं—नाही जुळली तर?"

"नसती जुळली तरी मी हो म्हणणार होते," ती म्हणाली. "तुझ्या पहिल्या नंबराला मी नाकं मुरडली असती, माझ्याला तू. मजेत भांडलो असतो."

"मग आता 'हो' म्हण ना."

"कुणाला? यादी माझी, हस्ताक्षर तेवढं तुझं. तू यात कुठे आहेस?"

त्याने टोपी उचलली. दारात थांबला... पण तिने मान वर केली नाही.

या गोष्टीला चार महिने झाले. मावशी आणि भाची कामापुरतं बोलतात. घड्याळवाला सकाळी येतो, ती कामावर यायच्या आधी. एक कादंबरी परत करतो, पुढची नेतो. मावशीने न विचारता एकदा सांगितलं, "सगळ्या पहिल्यापासून वाचतोय गं." तिने सुईत दोरा ओवला, बस.

परवा त्याने छत्तिसावी परत केली आणि सदतिसावीसाठी चिठ्ठी ठेवली.

"देऊ का गं?" काल ती चिठ्ठी तिच्या टेबलावर ठेवत मावशीने विचारलं. तिने खळीचं भांडं पुढे ओढलं.

पुस्तक तयार आहे. पुठ्ठा केव्हाच वाळलाय. आज संध्याकाळी खोलीला कुलूप लागलं, तेव्हा ते तिच्या टेबलावरच होतं आणि त्याची चिठ्ठी तिने पहिल्या पानात ठेवली होती.