तीन लाटांचा बॅज

तिला तो बॅज दिसला तेव्हा तो दुसऱ्याच कुणाच्या तळहातावर होता.

जुन्या वस्तूंचा हा बाजार दर महिन्याला एका शाळेच्या व्यायामशाळेत भरायचा. ती एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी लष्करी मुख्यालयांचे बॅज शोधत फिरायची. मुख्यालयात नेमणूक झालेल्यांनी ते खिशावर लावायचे, म्हणजे माणूस कुठल्या कचेरीतला ते लांबूनच कळावं. पराक्रमाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. तिला ते त्यासाठीच आवडायचे. आई म्हणायची, "जमवायचीच तर पदकं जमव, चार लोकांत सांगता तरी येईल."

हा बॅज मात्र तिने आजवर फक्त एका धूसर फोटोत पाहिला होता. गडद निळं मीनाकाम, वर पितळी होकायंत्र, खाली पांढऱ्या तीन लाटा.

"घेतलात तुम्ही हा?" तिने विचारलं.

"आत्ताच."

"विकणार?"

"शिवणार," तो म्हणाला.

तिने वर पाहिलं. तिशी ओलांडलेला, गळ्यात मापाची टेप विसरून तसाच घराबाहेर पडलेला माणूस. नाटकमंडळीचा कपडेपट सांभाळायचा, सगळे त्याला मास्तर म्हणायचे, हे तिला नंतर कळलं.

"मागे दोन खिळे आहेत," ती म्हणाली. "कसा शिवणार?"

"कापून टाकीन ते."

तिने हात पुढे केला. "द्या इकडे." इतक्या शांतपणे म्हणाली की त्याने निमूट दिला.

"हे मुख्यालय वर्षभरसुद्धा टिकलं नाही. असे बॅज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. तुम्हाला मी नकली देते, हवे तितके. प्रेक्षकांना काय कळणार आहे?"

"प्रेक्षकांना नाही कळत. नटाला कळतं. अंगावर खोटं काही असलं की तो चालतोही खोटं." त्याने बॅज परत घेतला, पण अलगद. "प्रयोग संपले की तुमचाच. खिळे कापणार नाही, शब्द देतो. फक्त... तो लावायचा कसा, ते दाखवायला याल?"

ती गेली. बॅजसाठी, असं तिने आईला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

कपडेपटाची खोली लांबट होती. इस्त्रीच्या वाफेचा वास, भिंतीला टांगलेले कोट, जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे. मास्तर तोंडात टाचण्या धरून बोलायचा, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य मधेच थांबायचं.

"डावा खिसा... ना?"

"तुमच्या नाटकातला अधिकारी अजून नेमणुकीवर आहे का, त्यावर आहे. कामावर असेल तर उजवा. नेमणूक संपली की डावा."

त्याने टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. "दुसऱ्या अंकात काढून टाकतात त्याला."

"मग दुसऱ्या अंकात डावा."

दिग्दर्शकाला ही गोष्ट फार पटली. नटाला मात्र अंधारात, घाईघाईत बॅज हलवायला जमेना. ते शिकवायला ती पुन्हा आली, मग पुन्हा. पुढे नटाला जमायला लागलं, तरी ती येत राहिली. हे कुणी बोलून दाखवलं नाही.

ती खिडकीशी बसायची, तो शिवायचा.

"तुम्हाला त्यातलं सगळं माहीत असतं का?" त्याने एकदा विचारलं.

"नाही. याच्यावर लाटा का आहेत, ते नाही माहीत. मुख्यालय होतं पठारावर. जवळपास समुद्र नाही, नदी नाही. मी कुठे कुठे लिहून विचारलं. हा लावलेला एक जरी माणूस भेटला असता तर..." ती थांबली. "नाही भेटत. जाऊ दे."

"जाऊ दे म्हणता, पण जाऊ देत नाही तुम्ही."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"कोट उसवायला दिला होता ना परवा. एक टाका सोडला नव्हता तुम्ही." त्याने सुईत दोरा ओवला. तिच्याकडे बघत ओवला, म्हणून तो तीनदा चुकला.

प्रयोग सुरू झाले. एका रविवारी दुपारचा प्रयोग संपल्यावर मास्तरचा फोन आला. "लगेच येता? कुणीतरी बसलंय इथे."

खोलीत एक वयस्कर बाई बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. समोरच्या टेबलावर नटाचा कोट पसरलेला होता.

"मी या मुख्यालयात टेलिफोनवर होते," त्या म्हणाल्या. "बाहेर पाटी वाचली म्हणून आत आले."

"कुठली पाटी?"

मास्तर इस्त्रीच्या टेबलावरच्या चादरीची घडी नीट करू लागला. नाट्यगृहाच्या दाराशी, बॅजच्या मोठ्या चित्राखाली त्याने लिहून लावलं होतं: हा बॅज कुणी कधी लावला असेल तर कृपया कपडेपटाच्या खोलीत यावे, एक बाई वाट पाहत आहेत. पहिल्या प्रयोगापासून ती पाटी तिथे होती. ती नेहमी मागच्या दाराने यायची, म्हणून तिला दिसली नव्हती.

"या लाटा..." तिने विचारलं.

"लाटा कसल्या, बाळ? टेलिफोनच्या तारा आहेत त्या. आमच्या साहेबांनी काढलेलं चित्र. खांबांमधल्या सैल तारा. मीना भरणाऱ्याला खांबांना जागा पुरेना, त्याने ते गाळले. राहिल्या नुसत्या तारा. मग आम्ही एकमेकांना खलाशी म्हणायचो." बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी त्या तीन रेघांवरून बोट फिरवलं. "पाण्याचा टँकर यायचा आठवड्यातून दोनदा. आणि आम्ही खलाशी."

बाई बराच वेळ बोलल्या. तिने सगळं लिहून घेतलं. त्या गेल्यावर तिने वही मिटली.

"पूर्वी कधी तिथे नदी असेल, असं मी बॅजांवरच्या एका लेखात लिहिलं होतं," ती म्हणाली. "चुकलं. दुरुस्त करून छापायला हवं."

"वाईट वाटतंय?"

"नाही. तेच तर नवल आहे."

शहरातल्या शेवटच्या प्रयोगानंतर मंडळी दौऱ्यावर निघाली. गाडीत पेट्या चढत होत्या. मास्तरने बॅज मऊ कापडात गुंडाळून तिच्या हातात ठेवला.

"पण दौरा आहे ना अजून? नटाला लागेल."

"करवून घेतलेला नकली लावलाय. गेले काही प्रयोग नकलीवरच चाललेत. त्याला काही कळलं नाही."

"मग मला आधीच का नाही दिला?"

गाडीतून कुणीतरी त्याला हाक मारली.

"दिला असता," तो म्हणाला, "तर तू आली असतीस?"

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला. दोघांच्याही ते लक्षात आलं. तिने खरं काय ते शोधून पाहिलं, तिची सवयच ती. सुरुवातीच्याच दिवसांत बॅज हातात मिळाला असता, तर... नसती आली.

"नाही," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली, जणू मापच सांगितलं तिने, आणि गाडीत चढला. गाडी वळणाआड गेली, तरी ती हातात बॅज घेऊन उभी होती. एवढी वर्षं शोधलेली वस्तू मिळाली की कसं वाटतं, ते तिला माहीत होतं. आज तसं वाटत नव्हतं.

पुढचा आठवडा तिने लोकांचे डोळे तपासले. कुणी विचारलं तर बरं चाललंय म्हणाली. आईने दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा जरा वेळ तिच्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "जाऊन ये बाई कुठे जायचंय तिथे."

शनिवारी तिने बस धरली. मंडळीचा मुक्काम होता त्या गावात नाट्यगृह शोधायला तिला वेळ लागला नाही. मागच्या दाराने आत गेली तेव्हा मास्तर बाही दुमडत होता. तिला बघून त्याच्या हातातली बाही उलगडली.

"बॅज... बनावट निघाला का?"

"नाही. अस्सल आहे."

"मग काही विचारायचं राहिलं?"

"नाही."

"मग?"

ती खुर्ची ओढून खिडकीशी बसली. "काही काम नाही. तुला बघायला आले."

बाहेर तिसरी घंटा झाली. कुणीतरी मास्तरला शोधत खोलीत डोकावलं, दोघांना पाहिलं, आणि दार हळूच ओढून घेतलं.