अकरा नंबरच्या मशीनवरची लाल रेघ

ही ऐकीव गोष्ट नाही. मी भौतिकशास्त्र शिकलेली, कॉम्प्युटर शिकवणारी बाई आहे. जे पाहिलं, तेवढंच लिहिते.

मागच्या वर्षीचा चोवीस मार्च. दुपारचे सव्वातीन. औंढा नागनाथजवळच्या आमच्या कॉलेजची लॅब.

प्रोग्राम लिहिताना साधा कंस राहिला, तरी एडिटर त्या जागेखाली लगेच लाल नागमोडी रेघ ओढतो. परीक्षेत मी ती सोय बंद ठेवते. चूक स्वतःची स्वतः शोधता यावी, म्हणून.

हा नियम कॉलेजचा नाही. माझा आहे.

आदल्या वर्षी तांड्यावरची पूजा राठोड परीक्षेआधी विनवत होती.

"मॅडम, घरी कॉम्प्युटर न्हाई. समदं वहीवर लिवून पाठ करते. ती रेघ काहून बंद करता? नापास झाले तर बापू लगीन लावून देतील."

"रेघ नसली की डोकं चालतं," मी म्हणाले.

एका कंसापायी ती नापास झाली. मे महिन्यात लग्न. दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला. उसाच्या फडावरच तापानं गेली.

आता त्याच परीक्षेला अकरा नंबरच्या मशीनवर तिची धाकटी बहीण रीता बसली होती. वडील फुलसिंग यांची अट तीच.

वीस कीबोर्ड वाजत होते.

अचानक... सगळे थांबले.

एकच वाजत राहिला.

ठक... ठक... ठक...

रीताचे दोन्ही हात मांडीवर होते.

"मॅडम, मी न्हाई दाबून राहिले!"

"रीते, भूत पेपर लिवून राहिलं व्हय तुझा?" मागून कुणीतरी हसलं.

मी जवळ गेले. आवाज येत होता, पण स्क्रीनवर एकही अक्षर उमटत नव्हतं.

प्रोग्रामच्या वरच्या दोन ओळी नुसत्या माहितीच्या असतात. पहिलीत विद्यार्थ्याचं नाव, दुसरीत शिक्षकाचं. मशीन त्या वाचतच नाही. तिथं चूक निघूच शकत नाही.

माझ्या नावाखाली... लाल रेघ होती.

सेटिंग पाहिलं. बंदच.

नाव खोडलं. पुन्हा लिहिलं.

रेघ... पुन्हा.

मग नजर खाली गेली. सतराव्या ओळीत कंस राहिला होता. तिथं मात्र रेघ नव्हती.

"काय चुकलं, मॅडम?" रीतानं हळूच विचारलं.

सांगता आलं असतं.

"परीक्षेत बोलायचं नसतं," मी म्हणाले.

ठकठक थांबली.

रीता नापास झाली. मे महिन्यातच हळद लागली.

नंतर मी वीसही मशीनवर रेघेची सोय चालू केली. एडिटर काढून नवा टाकला. तेव्हापासून कुणाचा कंस राहो, काही राहो, चुकीखाली रेघ येत नाही. येते ती फक्त दुसऱ्या ओळीखाली. प्रत्येकाच्या.

रीता यंदा ऊसतोडीला गेली आहे. पंधरा दिवस झाले, तिचा फोन लागत नाही.

काल दुपारी लॅबला कुलूप लावत होते. आत कुणी नव्हतं. मशीनंही बंद होती.

ठक... ठक...

त्या दिवशी एकच कीबोर्ड वाजत राहिला होता.

काल दोन वाजत होते.