पेवातली ओ

आमचे धाकटे दीर गोरख चार माणसं जमली की माझी टिंगल करतात. "वहिनीला पेवातला गॅस चढला होता, म्हणून आवाज ऐकू आले!" माणसं हसतात.

मी वर, उघड्या हवेत उभी होते. गॅस मला कुठून चढेल?

इतकी वर्षं घरच्या अब्रूसाठी गप्प बसले. आता लिहून काढते. शाळा दुसरीत सुटली माझी, तेव्हा अक्षराला हसा, पण गोष्टीला हसू नका. ज्याला खोटं वाटेल त्यानं आमच्या अंगणात येऊन त्या दगडाला कान लावावा. मग बोलावं.

बहात्तरच्या दुष्काळातला माघ महिना. सिन्नरच्या पूर्वेला आमचं गाव. नाव लिहीत नाही, घरात नातींची लग्नं व्हायचीत.

दोन पावसाळे कोरडे गेले होते. विहिरींचे तळ उघडे पडले होते. गाव खडी फोडायला जायचं आणि रेशनचा लाल मिलो, तो परदेशी जोंधळा, खायचं.

आमच्या घरात मात्र पेव होतं. अंगणात मुरमात खणलेली धान्याची खोल कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. चांगल्या सालात माझी सासू तानुबाई त्यात जोंधळा भरून वर दगड ठेवायची आणि शेणामातीनं लिंपून टाकायची. दोन पावसाळे बुडाल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही.

तिचे नियम कडक होते. आधी पेवाला दिवसभर वारा द्यायचा. मग पेटती चिमणी दोरानं आत सोडायची. ती विझली तर उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा. आणि वरच्यानं त्याला सारखी हाक मारायची, नावानं. खालच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही की ओढायचं.

"नावानंच का, आत्याबाई?" मी एकदा विचारलं होतं.

"नावानंच," एवढंच म्हणाली.

पेव उघडलं त्या दिवशी सासू खाटेवर आजारी होती. गोरखभावजी एकलहऱ्याला नोकरीला लागलेले, नवीकोरी बॅटरी घेऊन आले होते.

"वहिनी, चिमणी कशाला? रॉकेल मिळतंय का कुठं? ही बघा."

दोराला बांधून बॅटरी आत सोडली. लख्ख उजेड.

"बघा, इझली का?"

बॅटरी कशाला विझते!

माझे मालक सावळीराम उतरले. हाक मारायचं काम भावजींचं, कारण नवऱ्याचं नाव तोंडातून काढायची आमच्यात रीत नाही. भावजींनी दोनदा 'सावळीरामदादा' केलं. तेवढ्यात शेजारच्या रेडिओवर गलका झाला.

"आलोच वहिनी, क्रिकेटचं काय झालं बघून." गेले.

मग मी वाकून हाक मारली. "अहो!"

"ओ."

खालून सुपानं जोंधळा ओढल्याची खरखर येत होती.

"अहो, भरली का पाटी?"

"ओ."

मग लक्षात आलं... खरखर थांबली होती.

दोर हलत नव्हता. बॅटरीचा उजेड भिंतीवर एकाच जागी पडला होता.

"अहो?"

"ओ."

तोच सूर. तेवढाच. आमच्या मालकांना दुसरी हाक मारली की 'काय केकाटतीस गं' ऐकायला मिळायचं. हा माणूस इतका शांत कधीपासून झाला?

पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं... आणि हाक निघायच्या आधीच...

"ओ."

मी शेजाऱ्यांच्या भिंतीकडे तोंड करून किंचाळले, "भावजी! लवकर या! भावजी!"

पलीकडे रेडिओ चालू. भावजींचा पत्ता नाही.

आणि खालून...

"ओ."

तेव्हा कळलं. जो ओ देत होता तो माझा नवरा नव्हता.

लाज, रीत, सगळं बाजूला टाकलं. जन्मात पहिल्यांदा ते नाव घेतलं.

"सावळीराम!"

काही नाही.

"सावळीराम!!"

दगड टाकावा आणि तो तळाला पोचूच नये, तसं.

खडीवरून परतणाऱ्या बाया रस्त्यानं चालल्या होत्या. नवसाबाई पुढं होती. "अगं नवसे, धाव!" सगळ्या धावल्या. आम्ही बायांनी दोर ओढला. मालक वर आले ते मान टाकून, ओठ निळे पडलेले. दिवे लागले तेव्हा कुठं डोळे उघडले.

"तू हाकच मारली नाय," म्हणाले.

"घसा फुटला माझा! ओ कोण देत होतं मग?"

त्यांनी डोकं चाचपलं. मग हळू म्हणाले, "खाली कुणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतं. म्हणत होतं... तू नीज. ओ मी देतो."

सासूनं खाटेवरून विचारलं, "नावानं हाक मारलीस ना?"

"मारली. आत कोण हाय, आत्याबाई?"

तिनं भिंतीकडे तोंड केलं. मरेपर्यंत सांगितलं नाही.

दगड पुन्हा लिंपला. एक दाणा काढला नाही. तो दुष्काळ आम्ही मिलोवरच काढला.

ऐंशी साली मालक गेले, दुखण्यानं. पुढच्या वर्षी लासलगावच्या व्यापाऱ्याचा माणूस कांदा बघायला आला. त्याला काय ठाऊक? अंगणातून ओरडला, "सावळीराम हायेत का घरात?"

मी बाहेर येऊन सांगणार, तोच...

दगडाखालून...

"ओ."

"हायेत की. येऊ द्या सावकाश," म्हणून तो माणूस ओट्यावर बसला. वाट बघत.

मी त्याला चहा दिला. काय सांगणार होते? की त्या दिवशी मी घेतलेलं नाव पेवानं पाठ करून ठेवलंय?

तेव्हापासून आमच्या अंगणात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. नातवंडांनाही मी आत जाऊन, हाताला धरून आणते. धान्य पत्र्याच्या कोठ्यांत ठेवते, माळ्यावर. निम्मं उंदीर खातात, खाऊ देत.

यंदा धरून पुन्हा दोन पावसाळे कोरडे गेले. परवा गोरखभावजी पहार घेऊन आले.

"वहिनी, पेव मोकळं करू. बाहेरून स्वस्तात जोंधळा मिळतोय, भरून ठेवू. गॅसच होता हो तो. या वेळी मी सोता उतरतो. तुम्ही फक्त वर उभं राहा न् हाक मारा."

मी जाऊन दगडावर उभी राहिले. पायाखाली गार लागत होतं, भर उन्हात. शेजारपाजारचे ऐकत होते. ऐकू देत.

म्हटलं, "भावजी, आत कोण हाय मला ठाव नाय. पण हाक मारली की ते ओ तरी देतं. तुम्ही दिली नाय."