वच्छीमावशीचं फडकं

मुलांनो, कल्पना करा. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? अजून पंचवीस वर्षांनंतरचा आंबेटेक गावचा बुधवारचा बाजार. सौरछपराखाली पालं लागली आहेत आणि त्यांच्यामधून एक बुटका यंत्रमानव चाकांवर फिरतो आहे. त्याचं काम खाण्याचे पदार्थ तपासायचं. पोरं त्याला नवबा म्हणतात.

दुपारचे दोन वाजले होते. नवबा वच्छीमावशीच्या भेळेच्या गाडीपुढे थांबला, आणि तिची अकरा वर्षांची भाची कस्तुरी हातातलं काम सोडून पुढे आली.

गेल्या बुधवारी गावातल्या सात जणांना जुलाब झाले होते. सातही जणांनी मावशीचीच भेळ खाल्ली होती. आज दोष सापडला आणि तो जागच्या जागी सुधारला नाही, तर गाडी बंद होणार होती.

"तपास की!" मावशी म्हणाली. "माझ्याइतकी स्वच्छ गाडी दाखव बाजारात. त्या धोंडूकडे बघ, कढईवर काजळीचे थर!"

"थर कढईला बाहेरून आहेत, वच्छे," शेजारून धोंडूकाका हसले. "भजी आतल्या उकळत्या तेलातून निघतात आन् थेट पानावर पडतात."

कस्तुरीला तेच कोडं सुटत नव्हतं. काकांची भजी खाऊन कुणी आजारी पडलं नाही. मग मावशीची चकचकीत गाडीच का?

नवबाने भेळ तपासली. चटणी तपासली. पाणी तपासलं. सगळं ठीक. मग धुतलेल्या ताटलीवर त्याने निळा प्रकाश टाकला. एक-दोन ठिपके चमकले.

"हे जिवाणू (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, एकाच पेशीचे जीव)," तो म्हणाला. "इतके चालतील."

मावशीने सुटकेचा निःश्वास सोडला. गिऱ्हाईक आलंच होतं. तिने ताटली उचलली, खांद्यावरच्या ओल्या फडक्याने त्याच्यासमोर नीट पुसली आणि भेळ घालायला वळली. गिऱ्हाइकाचा मान म्हणून ती प्रत्येक ताटली अशीच पुसून द्यायची.

कस्तुरीची नजर ताटलीवर खिळली. नवबाचा प्रकाश अजून चालू होता आणि ताटली रात्रीच्या आभाळासारखी ठिपक्यांनी भरून गेली होती.

"नवबा," ती हळूच म्हणाली, "हे आत्ता कुठून आले?"

"फडकं सकाळी कधी आणि कशाला वापरलं होतं?"

"आठ वाजता. कोथिंबिरीची माती पुसली. मग बादलीत खळबळलं."

"समज, एकच जिवाणू चिकटून राहिला. ओल, ऊब आणि अन्नाचे कण मिळाले की तो वीस मिनिटांत दोन होतो. मग दोनाचे चार. नऊ वाजता किती?"

"आठ."

"दहाला?"

कस्तुरी बोटांवर मोजत राहिली. "चौसष्ट. अकराला पाचशे बारा. बाराला..." तिची बोटं अपुरी पडली.

"आत्ता दोन वाजता अडीच लाखांच्या वर. याला द्विगुणन (दर वेळी दुप्पट होत जाणं) म्हणतात. आणि एकच जिवाणू आपण धरला. खरे किती होते, कुणास ठाऊक."

"म्हंजे मी पुसून पुसून लोकांना आजारी पाडलं?" मावशीने ताटली खाली ठेवली. "पंचवीस वर्षं झाली गं मला पुसून देताना."

"ताटल्या साबणाने धुऊन उन्हात पालथ्या घाला," नवबा म्हणाला. "वाळतील आपोआप. फडकं नको."

"न पुसता दिली तर माणसं काय म्हणतील?" मावशी तिथेच थबकली. हात सवयीने पुन्हा खांद्याकडे गेला. गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. नवबाच्या छातीवरचा, गाडी बंद करायचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

कस्तुरीने मावशीच्या खांद्यावरचं फडकं ओढलं आणि धावत जाऊन शेजारच्या चहावाल्याच्या उकळत्या पातेल्यात टाकलं. "अगं, चहाचं पाणी ते!" तो ओरडला. "नवं ठेवा, काका!" परत येऊन तिने एक नुकती धुतलेली ताटली नळाखाली पुन्हा धरली, झटकली, तीत भेळ घातली आणि पुढे केली. नवबाचा लाल दिवा विझला.

"पोरी, ताटली ओली आहे की!" गिऱ्हाईक म्हणालं.

"हो," कस्तुरी म्हणाली. "मुद्दाम पुसली नाही. का ते सांगू?"

आणि भर बाजारात बोटं दुमडत तिने एकापासून मोजायला सुरुवात केली.