सहा ते सात

वाटण्या शांतपणे झाल्या. फ्रिज बायकोकडे गेला, वॉशिंग मशीन त्याच्याकडे राहिलं, पुस्तकं अर्धी अर्धी झाली आणि मुलगी फ्रिजबरोबर गेली. बायकोची बदली नऊ तासांच्या अंतरावर झाली होती. एवढ्या लांब गेमचा कन्सोल न्यायला तिने साफ नकार दिला. "तो डबा इथेच राहू दे. तेवढीच एक कटकट कमी."

म्हणून डबा राहिला. त्याने वायरी गुंडाळल्या, त्यांना रबर लावलं, सगळं मूळ खोक्यात भरलं आणि खोकं हॉलमधल्या कपाटात ठेवलं. असल्या कामांत तो व्यवस्थित होता. ज्या कामांत नव्हता, त्यांची यादी वकिलाने टाइप करून दिली होती.

पाणीपुरवठा खात्यात तो मीटर तपासनीस होता. लोक तावातावाने यायचे. "साहेब, महिनाभर घराला कुलूप होतं, मग मीटर फिरलाच कसा?" एकोणीस वर्षं तो एकच उत्तर देत आला होता. नळ बंद असताना मीटर फिरत असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती शोधायची रीतही ठरलेली. मीटरसमोर बसायचं, पाणी वाहू द्यायचं आणि आकडे लिहीत जायचे.

मुलीचं नाव घरात कोणी घेत नसे. ती अकरा वर्षांची होती, आणि बोलायला लागल्यापासून थांबलेली नव्हती, म्हणून सगळे तिला वटवट म्हणत. कन्सोलवरचं तिचं खातंही त्याच नावाने होतं. खात्याला वेळेची मर्यादा त्याने घातली होती: रोज एक तास, संध्याकाळी सहा ते सात. बाप म्हणून त्याने आपणहून केलेली ही एकमेव गोष्ट. सातला पाच मिनिटं कमी असताना त्याच्या फोनवर विनंती यायची, 'आणखी पंधरा मिनिटं?' आणि ऑफिसातून, बसमधून, एकदा तर शेजारच्याच खोलीतून, तो 'नाही' दाबायचा.

ती गेल्याला दोन महिने झाले, तेव्हा एका रविवारी सकाळी फोनवर आठवड्याचा अहवाल आला. वटवट. सात तास. रोज सहा ते सात.

दर शनिवारी वटवटचा फोन यायचा. त्याने विचारलं, "तिकडे कुणाकडे गेम खेळतेस का गं?"

"कुठला गेम, बाबा? आई टॅबलेटपण देत नाही. ते जाऊ दे, ऐक ना. आमच्या सायन्सच्या टीचरचा विग आहे असं सगळे म्हणतात. मला वाटतं केस खरे आहेत, टीचरच खोट्या आहेत. आणि आमच्या मजल्यावर एक मांजर आहे, ते लिफ्टने जातं. खरंच! बाबा, तू ऐकतोयस ना?"

तो ऐकत होता. चाळीस मिनिटं तो ऐकत होता. आठवड्यातलं त्याचं बोलणं म्हणावं असं तेवढंच.

त्याने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथली मुलगी नम्र होती. "सर, कन्सोल एकदा बंद करून चालू करा."

"तो बंदच आहे. खोक्यात आहे."

"मग सर, चालू करून बंद करा."

मंगळवारी अर्धा दिवस रजा टाकून तो घरी आला. खोकं काढून सोफ्यावर ठेवलं, उघडलं. डबा होता, वायरी होत्या, रबरही होतं. सहा वाजता फोनवर हिरवा ठिपका उमटला. 'वटवट आता खेळत आहे. जागा: हॉल.' हॉलमध्ये तो होता आणि वॉशिंग मशीनचा आवाज होता. त्याने डब्यावर हात ठेवला. डबा कोमट होता. कोणी नुकतंच उठून गेल्यावर खुर्ची असते, तेवढा.

सातला पाच कमी असताना विनंती आली. 'आणखी पंधरा मिनिटं?'

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. त्याने वही काढली. गळती मोजायची, तर पाणी वाहू द्यायला हवं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने 'हो' दाबलं. सव्वासातला ठिपका गेला. त्याने नोंद केली: तारीख, सुरुवात, शेवट. दुसऱ्या दिवशी दोनदा 'हो' दिला. साडेसातची नोंद केली.

चाचणी तीन दिवसांत संपायला हवी होती. ती तीन आठवडे चालली. तो साडेपाचला ऑफिसातून निघायला लागला. हाताखालचा कारकून म्हणाला, "काय साहेब, घरी कोणी आलंय वाटतं?" त्यावर तो हसला, आणि नाही म्हणाला नाही. चहा घेऊन तो सोफ्याच्या एका टोकाला बसे. दुसऱ्या टोकाला उघडं खोकं. मध्ये ठिपका पेटलेला फोन. तो पेपर वाचे, मधूनच एखादी बातमी मोठ्याने वाचून दाखवे. विनंती आली की 'हो' दाबे. साडेआठपर्यंत दाबत राही. इतकी वर्षं सातला पाच कमी असताना आपण नेमकं काय वाचवत होतो, हे त्याला आठवेना.

तिसऱ्या शनिवारी दुपारी फोन आला, तो वटवटचा नव्हता.

"तू तिला काही बोललास का?" तिच्या आईने विचारलं.

"मी? काय बोलणार? ती बोलू देते का?"

"चेष्टा नकोय. संध्याकाळी बसून राहते रे. डोळे उघडे असतात. हाक मारली तरी बघत नाही, हलवलं तरी नाही. आधी तासभर व्हायचं, मला वाटलं दमते. आता साडेआठ होतात. डॉक्टर म्हणाले, नवी शाळा, नवं घर, होतं असं."

"साडेआठ," तो म्हणाला.

"काल आठ पस्तीस. मी घड्याळच बघत बसले होते, दुसरं काय करणार? रोज बरोबर सहाला सुरू होतं."

त्याने वही उघडली. काल तो चहाचा कप विसळायला उठला होता आणि एका विनंतीला दहा मिनिटं उशिरा 'हो' दिला होता. शेवट: आठ पस्तीस.

गळती सापडली होती. पाणी इकडे येत होतं, म्हणून तिकडे कमी पडत होतं.

फोन ठेवल्यावर त्याने मर्यादा शून्य करून पाहिली. 'किमान मर्यादा पंधरा मिनिटे.' खातं पुसायला गेला. 'मुलांचे खाते पुसता येत नाही. दुसऱ्या पालकाकडे सोपवता येईल.' सोपवायचं, तर दुसऱ्या पालकाने आपल्या फोनवर संमती द्यायला हवी. त्याने निरोप धाडला. उत्तर नाही. फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. तो खोलीभर फिरला. सहा वाजले. ठिपका उमटला.

सहा वीसला तिच्या आईचा फोन आला. ती रडत होती. "आजपण बसलीये. तोंडात घास तसाच आहे रे."

"तुला एक विनंती आलीये बघ. तिचं गेमचं खातं. संमती दे."

"गेमचं? ही वेळ आहे का?"

"दे ना. कधीतरी कारण न विचारता दे."

पलीकडे बटणांची टिकटिक झाली. त्याच्या पडद्यावर चौकट आली. 'खाते सध्या वापरात आहे. तरीही सोपवायचे?'

कनेक्शन तोडण्याआधी नळ बंद करायचा, मीटर थांबू द्यायचा, आणि मगच तोडायचं. वाहत्या पाण्यात तोडलं तर काय कुठे राहून जाईल, सांगता येत नाही. हे तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवत असे. सातपर्यंत थांबायचं होतं. चाळीस मिनिटं.

पलीकडे तिची आई मुलीला हाका मारत होती.

त्याने 'हो' दाबलं.

ठिपका गेला.

"गिळला!" आई ओरडली. "घास गिळला! बघतेय माझ्याकडे! हसतेय!"

तो सोफ्यावर बसला.

आठवडाभर चांगल्या बातम्या येत राहिल्या. वेळेवर झोपते. ताटात काही टाकत नाही. पुढच्या शनिवारी तिचा फोनही आला.

"कशी आहेस?"

"छान आहे, बाबा."

"शाळा?"

"छान आहे."

"आणि ते मांजर? लिफ्टमधलं?"

"कुठलं मांजर, बाबा?"

मग आईने फोन घेतला. ती दबक्या आवाजात, पण खुशीत होती. "किती शहाणी झालीये बघितलंस? दिवसभर एका शब्दाने वटवट नाही. विचारलं तेवढंच बोलते."

"हो," तो म्हणाला. बोलणं चार मिनिटांत संपलं होतं.

रविवारी सकाळी तो चहा गाळत होता, तेव्हा फोन वाजला. त्याच्या खात्यावर आता कोणी नव्हतं. यादीत तो एकटाच पालक होता, आणि त्याखाली कोरी जागा.

तरीही अहवाल आला होता. नावाच्या जागी नाव नव्हतं. जागा: हॉल.

या आठवड्यातील एकूण वेळ: एकशे अडुसष्ट तास.

त्याने सवयीने सात गुणिले चोवीस केलं. आकडा बरोबर होता.